डाव्या पानावर खेळाडू, उजव्या पानावर आपण

परभणीच्या एका तरुण प्रशिक्षकाने विचारलं आहे: "गुवाहाटीच्या कसोटीत भारत दक्षिण आफ्रिकेकडून ४०८ धावांनी हरला आणि जो तो म्हणायला लागला, खेळाडू माजलेत, शिस्त लावा. शिस्त लावायची म्हणजे नेमकं काय करायचं? आणि ज्यांनी संघ निवडला, हवी तशी खेळपट्टी मागून घेतली, त्यांना जाब कोण विचारणार? माझी अडचणही तीच आहे, फक्त लहान. माझा सोळा वर्षांखालचा संघ सलग चार सामने हरलाय. सगळ्यात चांगला फलंदाज सकाळी सहाच्या सरावाला तीनदा उशिरा आला. गावाकडून एसटीने येतो, पण नियम म्हणजे नियम. त्याला रविवारी बाहेर बसवू का? पालक म्हणतात, आधी तुमचं बघा."

पालक बरोबर बोलतायत, पण अर्धंच. उरलेल्या अर्ध्यासाठी जरा लांबून यावं लागेल.

मी पंचवीसेक वर्षं मराठवाड्यातल्या जिल्हा संघांबरोबर फिरलो, कधी प्रशिक्षक म्हणून, कधी मॅनेजर म्हणून. राष्ट्रीय संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये माझा पाय कधी पडला नाही. पण हरलेल्या संघाची बस सगळीकडे सारखीच असावी. मागच्या बाकांवर पोरं गप्प, पुढच्या बाकावर मोठी माणसं कुजबुजतायत. त्या कुजबुजीतच ठरतं की चूक कुणाच्या नावावर टाकायची. आणि पुढच्या बाकावरची माणसं स्वतःचं नाव सुचवत नाहीत.

हरणं आणि बेशिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तिथून सुरू करू. गुवाहाटीच्या आधीची, नोव्हेंबर २०२५ ची कोलकाता कसोटी आठवा. चौथ्या डावात १२४ हव्या होत्या, आपण ९३ वर संपलो. सामना तीन दिवसही पुरला नाही. संघाचे मुख्य प्रशिक्षक गौतम गंभीर यांनी सामन्यानंतर सरळ सांगितलं की आम्हाला हवी तशीच खेळपट्टी मिळाली. संघात चार फिरकीपटू. वॉशिंग्टन सुंदर कोलकात्यात तिसऱ्या क्रमांकावर, पुढच्याच कसोटीत आठव्या. यात उशिरा कोण आलं? उलट कोण बोललं? फटके चुकले असतील, बचाव कच्चा पडला असेल; तो कौशल्याचा भाग झाला. पण खेळपट्टी मागणं, अकरा जण निवडणं, कुणाला कोणत्या क्रमांकावर पाठवायचं हे ठरवणं, ही कामं फलंदाजाची नव्हेत.

आणि हा धडा नवा नव्हता. पुण्याजवळच्या गहुंजेचं मैदान आपल्याच महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं. तिथे २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने १२ बळी घेतले, आपण ३३३ धावांनी हरलो आणि आयसीसीने खेळपट्टीला निकृष्ट शेरा दिला. २०२४ मध्ये त्याच मैदानावर न्यूझीलंडच्या सँटनरने १३ घेतले, ११३ धावांनी हरलो, मालिकाही गेली. चेंडू फिरला की पाहुण्यांचाही फिरतो. हे ज्याने लिहून ठेवायचं त्याने लिहून ठेवलं नाही, म्हणून कोलकात्यात पुन्हा शिकावं लागलं.

आता शिस्तीचं. ऑस्ट्रेलियात १-३ अशी मालिका गमावल्यावर जानेवारी २०२५ मध्ये बीसीसीआयची दहा कलमी नियमावली आली. देशांतर्गत क्रिकेट खेळायचंच, प्रवास संघाबरोबरच, सामान ठरलेल्या वजनाचं, खासगी मॅनेजर-स्वयंपाकी आणायचे नाहीत, ४५ दिवसांहून मोठ्या दौऱ्यात कुटुंबाला दोन आठवडे, मालिका चालू असताना जाहिरातींचं शूटिंग बंद. मोडलं तर मानधनात कपात, अगदी आयपीएलपासून लांब ठेवण्यापर्यंत.

यातली बहुतेक कलमं मला पटतात. रोहित मुंबईकडून आणि विराट दिल्लीकडून रणजी खेळायला उतरले, विराटचा त्रिफळा रेल्वेच्या हिमांशू संगवानने उडवला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या नेटमधली पोरं म्हणाली, "सर, रेल्वेवालं पोरगंबी विराटला काढू शकतंय." त्या एका वाक्यासाठी मी ते कलम डोक्यावर घेईन. खटकते ती वेळ. मालिकेच्या सुरुवातीला पर्थला २९५ धावांनी जिंकलो तेव्हा कुणी बॅगा मोजल्या नव्हत्या. बॅगा तेवढ्याच जड होत्या, निकाल वेगळा होता. दुसरी गोष्ट, नियमातून सूट हवी असेल तर विचारायचं कुणाला? निवड समितीच्या अध्यक्षांना आणि मुख्य प्रशिक्षकांना. म्हणजे नापास झालेल्या वर्गातल्याच दोघांना पर्यवेक्षक नेमल्यासारखं. त्यांच्या स्वतःच्या कामासाठी कलम कोणतं, ते काही त्या दहांत आलं नाही.

वड्याचं तेल वांग्यावर काढायची आपली सवय जुनी आहे. १९३६ चा इंग्लंड दौरा बघा. कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार, ज्यांना सगळे विझी म्हणत. लाला अमरनाथ त्या दौऱ्यात धावांच्या राशी ओतत होते. एका सामन्यात त्यांना पॅड बांधून ताटकळत ठेवलं, मागच्या क्रमांकाच्या माणसांना आधी पाठवलं. अमरनाथ चिडले, ड्रेसिंग रूममध्ये काही बोलले, आणि पहिल्या कसोटीआधीच बेशिस्तीच्या ठपक्यासह बोटीने परत पाठवले गेले. भारत ०-२ हरला. नंतर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर जॉन ब्यूमाँट यांच्या समितीने चौकशी केली तेव्हा अमरनाथ निर्दोष ठरले आणि ताशेरे पडले ते विझींवर: क्षेत्ररक्षण लावता येत नाही, गोलंदाजीतले बदल कळत नाहीत, फलंदाजीचा क्रम कधी ठरलेला नसतो. अहवाल उत्तम. पण हुकलेल्या तीन कसोट्या अमरनाथना कुणी परत दिल्या नाहीत. मधे महायुद्ध आलं, त्यांची पुढची कसोटी थेट १९४६ मध्ये.

आता आपल्या बीडचं उदाहरण घेतो. संजय बांगर यांचा जन्म बीडचा, रणजी रेल्वेकडून, आणि २००२ मध्ये इंग्लंडमध्ये लीड्सला ढगाळ हवेत सलामीला जाऊन केलेल्या ६८ धावा ज्यांनी पाहिल्या ते विसरणार नाहीत. पुढे ते भारतीय संघाचे फलंदाजी प्रशिक्षक झाले. २०१९ च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध २४० चा पाठलाग करताना ५ धावांत ३ गडी गेले, धोनी सातव्या क्रमांकावर आला, १८ धावांनी हरलो. दीडेक महिन्यात सहायक मंडळींचा फैसला झाला: मुख्य प्रशिक्षक शास्त्री कायम, गोलंदाजीचे भरत अरुण कायम, क्षेत्ररक्षणाचे श्रीधर कायम. फक्त बांगर गेले, विक्रम राठोड आले. धोनीला सातवं पाठवण्याचा निर्णय आपल्या एकट्याचा नव्हता, असं बांगर यांनी नंतर सांगितलं.

बीडचा माणूस म्हणून बाजू घेतोय असं समजू नका. फलंदाजीतल्या चौथ्या क्रमांकाचं भोक विश्वचषकापर्यंत बुजलं नाही, तर फलंदाजी प्रशिक्षकाने उत्तर द्यायलाच हवं. पण ते भोक बुजवायला कुणाला न्यायचं हे निवड समितीने ठरवलं होतं, क्रम कर्णधार आणि मुख्य प्रशिक्षकांच्या संमतीने ठरत होता. चौघांनी मिळून विहीर खणली, पाणी लागलं नाही, आणि दोर धरणाऱ्याला घरी पाठवलं.

शिक्षा सारखी असली तरी परिणाम सारखा नसतो, हेही तुम्हाला माहीत हवं. डिसेंबर १९८४ मध्ये दिल्ली कसोटीत इंग्लंडविरुद्ध कपिल देव आणि संदीप पाटील हवेत फटके मारून बाद झाले, आपण हरलो. पुढच्या कोलकाता कसोटीतून दोघांनाही वगळलं. गुन्हा एक, शिक्षा एक. कपिल पुढच्या सामन्यात परत; अख्ख्या कारकिर्दीत त्यांची तेवढी एकच कसोटी चुकली. संदीप पाटील पुन्हा कसोटी खेळले नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या अझरुद्दीनने पदार्पणातच शतक ठोकलं, त्यात अझरचा काय दोष! पण कागदावरची समान शिक्षा भक्कम खेळाडूला ओरखडा असते आणि काठावरच्याला कडेलोट. तुमच्या संघातही काठावरची दोन-तीन पोरं असतील. शिक्षा ठरवताना आधी त्यांचे चेहरे डोळ्यासमोर आणा, स्टारचा नंतर.

परदेशात सगळं आलबेल असतं असंही नाही. २०१०-११ ची अ‍ॅशेस, म्हणजे इंग्लंडविरुद्धची कसोटी मालिका, ऑस्ट्रेलिया घरच्या मैदानांवर १-३ हरली. त्यांनी डॉन आर्गस या क्रिकेटबाहेरच्या, उद्योगजगतातल्या माणसाला चौकशी सोपवली. अहवालानंतर प्रशिक्षक आणि निवड समितीचे अध्यक्ष दोघांची पदं गेली, संघाच्या कामगिरीला जबाबदार असा एकच वरिष्ठ अधिकारी नेमला गेला. मला ही पद्धत आवडते, कारण तपासणारा माणूस संघाच्या बसमधला नव्हता. पण अहवाल आला म्हणजे शहाणपण आलंच असं थोडंच आहे? दोनच वर्षांनी, मार्च २०१३ मध्ये, भारताविरुद्ध हैदराबादची कसोटी डावाने हरल्यावर प्रशिक्षक मिकी आर्थर यांनी प्रत्येक खेळाडूकडून सुधारणेचे तीन मुद्दे मागितले. चौघांनी दिले नाहीत: वॉटसन, जॉन्सन, पॅटिन्सन, ख्वाजा. चौघांनाही मोहालीच्या कसोटीतून वगळलं. वॉटसन तर उपकर्णधार होता. गंमत अशी की कर्णधार क्लार्क दुखापतीने बसला आणि दिल्लीच्या पुढच्या कसोटीत नेतृत्व केलं ते याच वॉटसनने. मालिका ०-४. जूनमध्ये, अ‍ॅशेसच्या तोंडावर, आर्थर यांना काढलं.

गृहपाठ मागण्यात चूक नव्हती. मीही मागतो. पण खेळाडूंनी तीन मुद्दे द्यायचे, तर प्रशिक्षकाचे तीन कुठे होते?

हा प्रश्न मी आर्थरना विचारण्याआधी स्वतःला विचारायला हवा होता. माझं सांगतो.

२०१६. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं ते वर्ष. लोक टँकरपुढे रांगा लावून उभे, तिथे खेळपट्टीवर पाणी मारायची भाषा काढायचीही लाज वाटायची; उच्च न्यायालयाने तर त्या वर्षीचे एप्रिलनंतरचे आयपीएल सामनेच राज्याबाहेर घालवले होते. आमची पोरं सगळा मोसम सिमेंटवर मॅट अंथरून खेळली. मग पुण्यात दोन दिवसांचा सामना, ओलसर टर्फवर. रात्रीच्या एसटीने निघालो, पहाटे पोचलो, नऊला मैदानात. मॅटवर चेंडू उसळतो, तो खेळायची सवय झालेली; इथे चेंडू खाली राहायला लागला आणि पोरं पायचीत होत गेली. ६१ सर्वबाद.

त्या रात्री दोन पोरं दहाच्या ऐवजी साडेअकराला खोलीवर आली. दोघंही राखीव, सगळ्यात लहान. मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर झापलं, पुढच्या सामन्यासाठी दोघांची नावं खोडली आणि अहवालात लिहिलं: "शिस्तीअभावी पराभव." राखीव पोरं, एक चेंडू न खेळलेली, आणि पराभव त्यांच्यामुळे! तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही. वरच्यांनाही तो अहवाल छान वाटला, कुणी एक प्रश्न विचारला नाही.

तीनेक महिन्यांनी त्यातल्या एकाचे वडील आडत बाजारात भेटले. हमाली करायचे. पोतं खाली ठेवून म्हणाले, "सर, पोरगं उशिरा आलं, चुकलंच त्याचं. पर त्या दिवशी जेवणाचे डबे चौदाच आल्ते म्हणं. मोठ्या पोरांनी घेतले. ही दोघं पावभाजीची गाडी हुडकत गेल्ती."

डबे मी सांगितले होते. राखीव दोघांची नावं शेवटच्या दिवशी वाढली, मी डब्यांचा आकडा बदलला नाही. पोरं सोळा, डबे चौदा.

त्या संध्याकाळी मी दोनशे पानी वही घेतली. तेव्हापासून प्रत्येक सामन्याला एक जोडपान. डावीकडे खेळाडू, उजवीकडे आम्ही. डाव्या पानावर वेळ, वागणूक, साहित्य, सरावातली मेहनत. उजव्यावर: संघ कुणी निवडला, अकरावा कोण आणि का, सराव कोणत्या खेळपट्टीवर, किती दिवस, प्रवास कधीचा, झोप किती, जेवण किती जणांचं, कुणाला कोणतं काम दिलं आणि ते त्याला तोंडाने सांगितलं का. शेवटची ओळ महत्त्वाची आहे. निम्म्या वेळा आपण मनात ठरवतो की हा पोरगा एक बाजू धरून ठेवेल, आणि त्या पोराला पत्ताच नसतो. तो षटकार मारायला जातो, बाद होतो, आणि आपण म्हणतो ऐकत नाही.

उजवं पान सामन्याच्या आदल्या रात्री भरायचं. हरल्यावर भरू नका. हरल्यावर प्रत्येकालाच आठवतं की मी तर आधीच म्हणालो होतो.

बाकी कामाच्या गोष्टी पटकन सांगतो. नियम थोडे ठेवा आणि मोसमाच्या पहिल्या दिवशी पालकांसमोर वाचा. मधेच काढलेला नियम पोरांना नियम वाटत नाही, राग वाटतो. पराभवाच्या संध्याकाळी कुणाला शिक्षा करू नका, एक रात्र जाऊ द्या. मैदानाला फेऱ्या मारायला लावू नका. पळणं हा सराव आहे, त्याची शिक्षा केली की पोरं आयुष्यभर पळण्याला शिक्षाच समजतात. वागणुकीची बैठक आणि खेळाची बैठक एकत्र घेऊ नका, नाहीतर शून्यावर बाद झालेला पोरगा आपोआप बेशिस्त ठरतो आणि शतकवीराच्या शिव्या कुणाला ऐकू येत नाहीत. आणि शिक्षा एकट्याने ठरवू नका. सोबत असा एक माणूस घ्या जो संघाबरोबर फिरत नाही, शाळेतले एखादे सर चालतील. तोच माणूस तुमचं उजवं पानही वाचेल.

यावर आमच्यातली जुनी मंडळी म्हणतात, अशाने पोरं डोक्यावर बसतील, चूक झाली की तुमच्याकडे बोट दाखवतील. माझा अनुभव उलटा आहे. स्वतःची चूक पानावर लिहिलेली असली की शिक्षा करताना हात थरथरत नाही. महाराष्ट्राचा फलंदाज अंकित बावणे आपल्याच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्व्हिसेसविरुद्धच्या रणजी सामन्यात तो कर्णधार होता; झेलबाद दिल्यावर तो क्रीज सोडून जाईना, खेळ बराच वेळ थांबला. चेंडू टप्पा पडून गेला होता हे रिप्लेत दिसत होतं, पण त्या सामन्यात डीआरएस, म्हणजे पंचांचा निर्णय रिप्लेवर तपासून घ्यायची सोय, नव्हता. एका सामन्याची बंदी आली. माझ्या मते बंदी योग्यच. पंचाने बोट वर केलं की चालायचं, हे मी दहा वर्षांच्या पोराला शिकवतो, मग कर्णधाराला सूट कशी द्यायची? फक्त पंचांच्या त्या निर्णयाचाही हिशेब तेवढ्याच उघडपणे झाला असता, तर ती बंदी पोरांच्या गळी उतरवायला मला अर्धा तास लागला नसता.

आता राष्ट्रीय संघाला जाब कोण विचारणार, हा तुमचा दुसरा प्रश्न. मला हवंय ते एवढंच: दौऱ्याआधी निवड समिती आणि मुख्य प्रशिक्षकांनी काय ठरवलं, कोणती खेळपट्टी मागितली, कोणत्या खेळाडूला किती संधी द्यायचं कबूल केलं, हे बंद पाकिटात लिहून ठेवावं आणि मालिका संपल्यावर बाहेरच्या माणसाने ते उघडावं. जिंकलो तरी उघडावं. केपटाऊनला चेंडू सँडपेपरने घासल्याच्या प्रकरणात, २०१८ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या स्मिथ-वॉर्नरना वर्षाची आणि बँक्रॉफ्टला नऊ महिन्यांची बंदी आठवड्याभरात लागली. त्यांच्या बोर्डाच्या कारभारावर बोट ठेवणारा अहवाल येऊन अध्यक्ष डेव्हिड पीव्हर यांनी खुर्ची सोडायला नोव्हेंबर उजाडला. सात महिन्यांहून जास्त लागले, पण तिथवर गेलं तरी. आपल्याकडे ती पायरी कधी चढलेली मी पाहिली नाही.

राहिला तुमचा फलंदाज. तीनदा उशीर म्हणजे बाहेर, असा नियम तुम्ही मोसमाच्या आधी सांगितला असेल तर रविवारी त्याला बसवा, संघ पाचवा सामना हरला तरी बसवा, आणि का बसवलं ते आधी त्याला एकट्याला सांगा. पण त्याआधी उजवं पान भरा. सराव सहाला ठेवायचं कुणी ठरवलं? तो एसटीने येतो हे तुम्हीच लिहिलंय. त्याच्या गावाहून पहिली गाडी परभणी स्टँडला किती वाजता लागते, ते उद्या सकाळी जाऊन बघा. साडेसहाला लागत असेल तर मला कळवा, मग रविवारचं बोलू.